दारू बंद झाली, आता हा राग कुठे ठेवू?

"वय 44. सोळा-सतरा वर्षं रोज प्यायलो. सात महिन्यांपूर्वी केंद्रात दाखल होऊन सोडली. मध्ये एकदा घसरलो. भावाचा फोन आला, वडिलांच्या घराच्या कागदांचा विषय निघाला, तो म्हणाला, 'तुझ्या सहीवर कोण विश्वास ठेवणार?' त्या रात्री प्यायलो आणि पुढचे तीन दिवस पीतच राहिलो. आता पुन्हा बंद आहे. पण दारू गेल्यापासून माझा मीच मला ओळखू येत नाही. बारीकसारीक गोष्टींवरून डोकं फिरतं. गेल्या आठवड्यात भिंतीवर मूठ मारली. बारा वर्षांचा मुलगा दारात उभा होता. बायको म्हणाली, 'पीत होतास तेव्हा निदान हसायचास तरी.' कौन्सेलर मॅडम म्हणतात, भावना हाताळण्याच्या कौशल्यांचा ग्रुप आहे, आठवड्यातून एकदा, सहा महिने. एकदा जाऊन बसलो. तिथे भावनांची नावं विचारतात, श्वास मोजायला लावतात, घरचा अभ्यास देतात. बालवाडीत बसवल्यासारखं वाटलं. गोळ्या चालू आहेत, दारू सोडलेल्यांच्या मीटिंगलाही जातो. मग हे कशाला? आणि खरं सांगा, यानं राग जाईल का?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही, राग जाणार नाही, आणि तो जावा अशी अपेक्षाही ठेवू नका. भावानं असं वाक्य तोंडावर फेकल्यावर ज्याला काहीच वाटत नाही, तो माणूस बरा झाला असं मी म्हणणार नाही. या ग्रुपमधून मिळतं ते इतकंच की राग पूर्ण भरात असताना, न पिता आणि कुणाला न दुखावता, त्याच्यासोबत राहता येतं. आजवर तुम्हाला ते जमलेलं नाही. का जमलं नाही, तेच या पत्रात सांगायचं आहे.

सोळा-सतरा वर्षं तुमच्या मनात राग उठला, लाज वाटली, भीती वाटली, रिकामं वाटलं, की तुम्ही ते अर्ध्यावर असतानाच ग्लास भरलात. याचा एक परिणाम सहसा कुणी बोलून दाखवत नाही. तुम्ही एकही मोठी भावना तिच्या शेवटापर्यंत गेलेली पाहिलेली नाही. कोणतीही भावना चढते, टोकाला जाते, तिथे थोडी रेंगाळते आणि मग आपोआप उतरू लागते. यातला उतरण्याचा भाग तुमच्या अनुभवात जवळजवळ नाहीच. तुमच्या शरीराला एवढंच माहीत आहे की राग वाढत जातो आणि दारू पोटात गेल्यावर थांबतो. म्हणून आज साधा राग आला तरी आतून असं वाटतं की हा थांबणारच नाही, आता काहीतरी केलंच पाहिजे. मग भिंत समोर येते, नाहीतर बाटली.

त्यात मेंदूही सध्या तुमच्या बाजूनं नाही. मेंदूत गाबा नावाचं शांत करणारं रसायन असतं आणि ग्लुटामेट नावाचं चेतवणारं. दारू पहिल्याचं काम वाढवते, दुसऱ्याचं दाबते. रोज दारू येत राहिली की मेंदू तोल सांभाळण्यासाठी स्वतःला उलट्या बाजूला झुकवून घेतो. मग दारू थांबते आणि तो झुकलेला मेंदू तसाच राहतो, सगळं चेतवलेलं, शांत करणारं काही नाही. हात कापणं, घाम फुटणं हे पहिल्या काही दिवसांत ओसरतं. चिडचिड, तगमग, तुटक झोप, कशातच गोडी न वाटणं हे मात्र कित्येक आठवडे, अनेकांच्या बाबतीत महिनोन्‌महिने राहतं. जॉर्ज कूब या अमेरिकी मेंदूवैज्ञानिकानं व्यसनाच्या याच बाजूचा दीर्घ अभ्यास केला आहे. त्यांच्या मांडणीचा गाभा असा की सुरुवातीला माणूस मजेसाठी पितो आणि पुढे पुढे, न पिताना जो त्रास होतो तो थांबवण्यासाठी पितो. "माझा मीच मला ओळखू येत नाही" असं तुम्ही लिहिलंत, त्याचा मोठा भाग इथे आहे.

इथे जरा थांबून एक गोष्ट इतर वाचकांसाठी. जे आज रोज पितात आणि हे वाचून उद्यापासून एकदम बंद करायचं ठरवतील, त्यांनी तसं करू नये. खूप दिवस रोज पिणाऱ्यानं अचानक थांबवलं तर काही तासांतच त्रास सुरू होतो, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम, भास, ताप, प्रचंड थरथर अशी जीवघेणी अवस्था येऊ शकते. यावर उपचार आहेत आणि ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवेत. कौशल्यं शिकायची पाळी त्यानंतर येते.

आता तुमच्या बालवाडीकडे येते.

तुमच्या ग्रुपमध्ये शिकवतात ती पद्धत लहान मुलांसाठी निघालेली नाही. मार्शा लिनहन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्वतःचा जीव घेण्याच्या टोकावर वारंवार जाणाऱ्या माणसांसोबत काम करत होत्या. या माणसांच्या भावना इतक्या जोरात येत आणि इतक्या सावकाश उतरत, की नुसतं बोलणं आणि समजावणं पुरेसं पडत नव्हतं. त्यातून त्यांनी डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी उभी केली. तिचं सविस्तर पुस्तक 1993 मध्ये आलं. पुढे तीच पद्धत दारू आणि इतर नशेच्या व्यसनांसाठी बदलून घेतली गेली. तुमच्या ग्रुपला सहा महिने का लागतात, तेही यावरून कळेल. सजगता, तीव्र क्षण निभावून नेणं, भावना हाताळणं आणि लोकांशी वागणं-बोलणं, हे चारही भाग पूर्ण शिकवायला आठवड्याला एक बैठक धरली तर साधारण 24 आठवडे लागतात.

"मग गोळ्या आणि मीटिंग आहेच की" या तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे सगळ्यात सरळ उत्तर जर्मनीतल्या एका अभ्यासातून येतं. माथियास बर्किंग आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये तो प्रसिद्ध केला. दारूच्या व्यसनावर मानसोपचार घेणाऱ्या लोकांची भावना हाताळण्याची कौशल्यं त्यांनी उपचाराआधी आणि नंतर तपासली. ज्यांची कौशल्यं आधी कमकुवत होती ते उपचार चालू असताना जास्त प्यायले, आणि उपचार संपताना ज्यांची कौशल्यं कमकुवत होती ते पुढच्या काळात जास्त प्यायले. त्यातही एक कौशल्य ठळकपणे पुढे आलं, त्रासदायक भावना सहन करण्याची क्षमता. गोळी तलफेची धार कमी करते. मीटिंग तुम्हाला एकटं पडू देत नाही. पण भावाचा फोन ठेवल्यानंतरची पहिली दहा मिनिटं तुम्हाला स्वतःलाच काढायची असतात, आणि त्या दहा मिनिटांत काय करायचं हे शिकवणारी जागा म्हणजे हा ग्रुप. गोळ्या आणि मीटिंग यातलं काहीही सोडू नका. हे त्यांच्या जोडीला आहे.

भावनांची नावं विचारतात याचा तुम्हाला कंटाळा आला. तुमच्या पत्रात मात्र मला भावनेचं एकच नाव सापडलं, राग. भावाचं वाक्य पुन्हा वाचा. "तुझ्या सहीवर कोण विश्वास ठेवणार?" मला वाटतं, राग इथे उशिरा आला. त्याच्या आधी अपमान होता आणि अपमानाच्याही आधी लाज, कारण त्या वाक्यात थोडं खरं आहे असं तुम्हालाही कुठेतरी वाटलं असणार. मी चुकत असेन तर ग्रुपमध्ये ते तपासून पाहा. पण हा फरक कामाचा आहे. अपमान झाला असेल तर समोरच्याशी बोलून काही करता येतं. लाज माणसाला लपायला लावते, तोंड दाखवू देत नाही, आणि तुमची लपण्याची जागा सतरा वर्षं ठरलेली आहे. नुसत्या रागावर काम करत राहिलात तर ज्या भावनेनं तुम्हाला दुकानापर्यंत नेलं तिला हातच लागणार नाही.

नाव देण्याचा उपयोग प्रयोगातूनही दिसला आहे. मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये दाखवलं की चेहऱ्यावरच्या भावनेला शब्दांत नाव देताना मेंदूतल्या अमिग्डला या धोक्याची घंटा वाजवणाऱ्या भागाची हालचाल कमी होते. दारूच्या व्यसनावर उपचार घेणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना आपल्या आत काय चाललंय हे ओळखताच येत नाही. त्यांना "कसंतरी होतंय" एवढंच कळतं. आणि कसंतरी होण्यावर सतरा वर्षं एकच औषध असेल, तर मन त्याच औषधाकडे धावणार.

आता ती रात्र. ग्रुपमध्ये साखळी, म्हणजे एकामागून एक काय घडत गेलं ते, लिहायला सांगतात, ती याच रात्रीची लिहा. मी नमुना म्हणून लिहिते, तपशील तुमचे तुम्ही बदला. आदल्या रात्री झोप चार तास. दुपारचं जेवण राहिलं. संध्याकाळी साडेसहाला भावाचा फोन. ते वाक्य. छातीत गरम लाट, जबडा आवळला. मनात आलं, "मी कितीही केलं तरी यांच्यासाठी मी बेवडाच." फोन कापला. बायकोनं विचारलं, "कुणाचा होता?" तुम्ही म्हणालात, "कुणाचा नाही." मोबाइल टेबलावर ठेवला, पाकीट खिशात घातलं. "जरा चक्कर मारून येतो." मग तो ओळखीचा रस्ता, आणि वाटेत मनात, "एकच."

आपल्याला नेहमी वाटतं की फोन आला आणि मी प्यायलो. प्रत्यक्षात मध्ये डझनभर कड्या आहेत, आणि त्यातली कुठलीही एक तुटली असती तर पुढची आली नसती. प्रत्येक कडीला उपाय निराळा. झोप आणि जेवण या सगळ्यात आधीच्या कड्या. मीटिंगमध्ये तुम्ही ऐकलं असेल की भुकेलेला, चिडलेला, एकटा आणि थकलेला माणूस घसरतो. त्या संध्याकाळी फोन घेतला तेव्हा तुम्ही चारपैकी निदान दोन होतात, आणि फोन ठेवल्यावर चारही. "कुणाचा नाही" ही कडी मला त्या रात्रीची सगळ्यात मोठी वाटते. तिथे लाजेनं तुम्हाला लपवलं. आणि मोबाइल टेबलावर ठेवणं, ते विसरणं नव्हतं. मनातल्या एका कोपऱ्यानं पिण्याचं तेव्हाच ठरवलं होतं आणि कुणी फोन करून अडवू नये याची सोय केली होती. हे वाचून वाईट वाटून घेऊ नका. इतकं बारीक दिसायला लागलं की पुढच्या वेळी हातानं मोबाइल टेबलावर ठेवला की तुम्हाला कळेल, आपण कुठे निघालो आहोत.

साखळीच्या मधोमध, छातीत गरम लाट आली तिथे, विचारांशी वाद घालत बसू नका. त्या क्षणी डोकं ऐकण्याच्या स्थितीत नसतं. आधी शरीर खाली आणायचं. भांड्यात गार पाणी घेऊन श्वास रोखून चेहरा अर्धा मिनिट त्यात बुडवायचा. पाण्यात डुबकी मारल्यावर शरीर हृदयाचा वेग आपोआप कमी करतं, तीच यंत्रणा यानं चालू होते. हृदयाचा काही त्रास असेल किंवा हृदयाचा वेग कमी करणारी औषधं चालू असतील तर हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. त्याऐवजी श्वास घ्या, आत घेता त्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ, मिनिटाला पाच-सहा श्वास, सलग काही मिनिटं. किंवा दम लागेपर्यंत जिने चढा-उतरा.

मूठ आपटून राग बाहेर काढला की हलकं वाटतं, असा समज आहे. तो चुकीचा आहे. ब्रॅड बुशमन यांनी 2002 मध्ये प्रयोग केला. चिडवलेल्या लोकांपैकी काहींनी चिडवणाऱ्याचा विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारले, काही नुसते बसून राहिले. ठोसे मारणारे जास्त चिडलेले निघाले. म्हणजे भिंत तुमचा राग घेत नाही, ती तुम्हाला रागावण्याचा सराव देते. उलट राग गिळून चेहरा कोरा ठेवणं हाही उपाय नव्हे. चेहरा कोरा ठेवल्यानं आतली भावना कमी होत नाही, शरीराचा ताण मात्र वाढतो. पिणाऱ्या माणसाला साधारणपणे हे दोनच रस्ते माहीत असतात. ग्रुपमध्ये तिसरा शिकवतात.

शरीर जरा खाली आलं की तलफेकडे पाहायचं. अॅलन मार्लट या मानसशास्त्रज्ञानं यासाठी लाटेवर स्वार होण्याची पद्धत शिकवली. खुर्चीत बसा. तलफ शरीरात कुठे आहे ते शोधा. तोंडात पाणी सुटतंय का, घसा कोरडा आहे का, पोटात ओढ आहे का, बोटं चाळवताहेत का. कागदावर वेळ लिहा आणि समोर 0 ते 10 मधला आकडा. समजा 7.10 ला 8. काही करू नका, तिला हाकलू नका, तिच्याशी भांडू नका, फक्त ती कुठे सरकते ते बघा. पाच मिनिटांनी पुन्हा आकडा. 9 झाला तर 9 लिहा. पुन्हा पाच मिनिटांनी 9. मग कधीतरी 7 येतो, मग 8, मग 5. सहसा अर्ध्या तासाच्या आत ती उतरू लागते, अट एवढीच की बाटलीचा विचार घोळवत तिला वाढवत बसायचं नाही. पहिल्यांदा हे अवघड जाईल. पण तो कागद जपून ठेवा. तुमच्या स्वतःच्या अक्षरात, स्वतःच्या शरीराचा पहिला पुरावा असेल तो, की ही गोष्ट दारूशिवायही उतरते. असे कागद साठत गेले की शरीराचा विश्वास बदलतो. माझ्या समजुतीप्रमाणे या थेरपीचा जीव इथे आहे, बाकी सगळं या अनुभवापर्यंत पोचण्यासाठी.

लाजेसाठी उपाय थोडा विचित्र वाटेल. भावना जे करायला सांगते त्याच्या उलट करायचं, पण आधी ती भावना वस्तुस्थितीला धरून आहे का ते तपासायचं. लाज म्हणते, लपून राहा, कुणाला सांगू नकोस. तर सांगायचं. "कुणाचा होता?" "भावाचा. तो असं असं म्हणाला. मला प्यावंसं वाटतंय." एवढी तीन वाक्यं. बायकोला सांगणं जड जात असेल तर मीटिंगमधल्या ज्याचा नंबर जवळ आहे त्याला फोन करा. आणि तपासणी अशी करायची: पीत असताना तुमच्या सहीमुळे किंवा शब्दामुळे घरच्यांचं खरंच नुकसान झालं होतं का? झालं असेल तर भावाची भीती पूर्ण खोटी नाही, आणि तिच्यावरचा उपाय भरपाई आणि वेळ आहे. झालं नसेल तर तो अन्याय आहे आणि त्यावर बोलायला हवं. दोन्ही बाबतींत पिणं काहीच सोडवत नाही. पण पहिल्यात काय करायचं आणि दुसऱ्यात काय करायचं यात मोठा फरक आहे.

हे सगळं फोन आल्यावर आठवेल असं समजू नका. तहान लागल्यावर विहीर खणण्यातला प्रकार होईल तो. म्हणून घरचा अभ्यास देतात. दिवस बरा गेला असेल त्या संध्याकाळीही श्वास करायचा, ट्रॅफिकमध्ये आलेल्या 3 आकड्याच्या रागावर साखळी लिहायची, मुलानं रिमोट दिला नाही त्या वैतागाला नाव द्यायचं. क्षुल्लक रागावर सराव झालेला असेल तरच 9 आकड्याच्या रागात हात आपोआप तिकडे जातो. तुम्ही एका बैठकीवरून निकाल दिलात. निदान पाच-सहा बैठका घरच्या अभ्यासासकट करा, मग ठरवा. आणि बालवाडीसारखं वाटतं हे मॅडमना तोंडावर सांगा. चांगली कौन्सेलर ते ऐकून रागावत नाही, त्याच वाटण्याला तुमच्यासोबत उलगडून बघते. ग्रुप चांगला आहे का हे ओळखायची माझी खूण अशी: तिथे नुसतं व्याख्यान होतं की माणसं प्रत्यक्ष करून बघतात, मागच्या आठवड्याचा अभ्यास विचारला जातो की नाही, आणि कुणी प्यायल्याचं सांगितलं तर त्याला झापतात की त्याची साखळी लिहायला बसतात.

त्या तीन दिवसांबद्दलही बोलायला हवं. पहिल्या रात्रीचं पिणं भावाच्या वाक्यावर होतं. पुढच्या तीन दिवसांचं पिणं कशावर होतं? मार्लट यांनी 1985 मध्ये ज्युडिथ गॉर्डन यांच्यासोबत पुन्हा पिण्यावर सविस्तर लिहिलं, त्यात याचं वर्णन आहे. न पिण्याचा निश्चय मोडला की अपराधीपणा येतो आणि वाटतं, "संपलंच सगळं, मी असाच आहे." तो अपराधीपणा बुडवण्यासाठी पुढचा ग्लास. म्हणजे तुमचे ते तीन दिवस भावामुळे गेले नाहीत, पहिल्या रात्रीबद्दलच्या लाजेमुळे गेले. लिनहन यांच्या पद्धतीत यावर दुहेरी भूमिका आहे आणि ती मला पटते. आज एक थेंबही नाही, याबाबत पूर्ण ठाम राहायचं, आणि तरीही घसरलोच तर पुढच्या तासाभरात काय करायचं हे आधीच लिहून ठेवायचं. तुमच्या कागदावर असं काहीतरी असू द्या: उरलेली ओतून द्यायची, अमुक माणसाला फोन, जेवून झोपायचं, सकाळी केंद्रात जायचं. घसरल्यावर सलग काही दिवस पिणं झालं असेल तर थांबताना डॉक्टरांना विचारायचं, हेही त्यात लिहा.

मुलाबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, पण ती लिहिलीत, म्हणजे ती तुम्हाला टोचते आहे. त्याच्याशी आजच बोला. लांबण लावू नका, रडू नका, त्याच्याकडून माफीची अपेक्षा ठेवू नका. "मी भिंतीवर मारलं ते चुकीचं होतं. तू घाबरला असशील. त्यात तुझी काही चूक नव्हती. मी हे थांबवायला शिकतोय." तो काही बोलला नाही तरी चालेल. आणि एक गोष्ट मी अगदी स्पष्ट सांगते. मूठ भिंतीऐवजी माणसावर जाईल अशी भीती तुम्हाला किंवा घरच्यांना एकदाही वाटली, तर सहा महिन्यांच्या ग्रुपची वाट पाहायची नाही. त्याच दिवशी मॅडमना सांगायचं, आणि काही दिवस वेगळं राहायची वेळ आली तर घराबाहेर तुम्ही जायचं, त्यांनी नाही.

बायकोचं वाक्य लागलं असणार. मला त्यात दारू परत हवी असं ऐकू येत नाही. तिला हसणारा माणूस हवा आहे, आणि सात महिन्यांत तिला फक्त चिडलेला मिळाला. तिच्यावर पहारेकऱ्याचं काम टाकू नका. तिच्याशी एकच गोष्ट ठरवा. भांडण चढायला लागलं की तुम्ही म्हणायचं, "मी बाहेर जातो, वीस मिनिटांनी येतो, मग बोलू." मोबाइल सोबत न्यायचा आणि विसाव्या मिनिटाला परत यायचं. पूर्वी तुम्ही बाहेर जायचात तेव्हा पिऊन यायचात. त्यामुळे सुरुवातीला तुम्ही दाराबाहेर पाऊल टाकलं की तिच्या पोटात गोळा येईल. तो जायला बरेच वीस-वीस मिनिटांचे फेरे लागतील. आणि हसण्याचं म्हणाल तर रोजच्या दिवसात दारूशिवायचं सुख मुद्दाम पेरावं लागतं, तेही या थेरपीचाच भाग आहे. मुलासोबत सायकल, जुना मित्र, हातानं करायचं एखादं काम, काहीही. सुरुवातीला गोडी लागणार नाही, तरी करत राहायचं.

सात महिने झाले तरी सकाळी उठावंसं वाटत नसेल, झोप आणि भूक गेली असेल, सगळं निरर्थक वाटत असेल तर ते नुसतं दारू सुटल्याचं राहिलेलं नाही. पिणं थांबून महिना उलटल्यावरही असं राहिलं तर मनोविकारतज्ज्ञांनी नैराश्यासाठी वेगळं तपासायला हवं. मरणाचे विचार येत असतील तर ते आजच, हे वाचून झाल्यावर, कुणाला तरी सांगा. आणि गोळी कोणती आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत. नाल्ट्रेक्सोन किंवा अकॅम्प्रोसेट असेल तर ती तलफेसाठी आहे. डायसल्फिराम असेल तर तिच्यावर दारूचा एक घोटही धोक्याचा ठरू शकतो, आणि तुमच्या त्या तीन दिवसांबद्दल डॉक्टरांना कळलेलंच असलं पाहिजे. सांगितलं नसेल तर सांगा.

राहिला भाऊ. कागदांचा प्रश्न खरा आहे, आणि श्वास मोजून तो सुटणार नाही. पण तो पुन्हा अचानक फोनवर निघू देऊ नका. येत्या बैठकीत ग्रुपमधल्या कुणाला तरी भाऊ करा आणि त्याला तेच वाक्य बोलायला सांगा, तुम्ही उत्तर देऊन बघा, दोन-तीनदा. तोवर भावाला एवढाच मेसेज पाठवा: "कागदांबद्दल मला बोलायचं आहे, पण फोनवर नको. पंधरा दिवसांनी समोरासमोर बसू, घरातल्या कुणा मोठ्यांनाही बोलावू. तुला माझ्या सहीची काळजी वाटत असेल तर त्यावर काय करता येईल तेही तिथेच ठरवू." पाठवण्याआधी जेवलेले असा, आणि पाठवल्यावर बायकोला दाखवा.